जन्म नव्हे, जोपासना

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आम्ही मार खाल्ला, म्हणूनच घडलो.’ कष्टांतून वर आलेल्या पिढीचा अभिमान आम्ही जाणतो. परंतु त्यातून काढला जाणारा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. ती माणसे कष्टांना पुरून उरली, हे खरे.

या प्रश्नावर मुंबईतच मोलाचे संशोधन झाले आहे. संकट येताच अधिवृक्क ग्रंथी तणावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. संकट सरल्यावर ते आवरण्याचे काम मेंदू करतो. स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग त्यात लगाम धरतो. हा लगाम बालवयातच घडतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांची पिल्ले पहिल्या दोन आठवड्यांत रोज तीन तास आईपासून दूर ठेवली. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. तरुणपणी हे उंदीर ताणाच्या कसोट्यांत सरस ठरले. मध्यम वयात मात्र हिप्पोकॅम्पसमधील नव्या पेशींची निर्मिती घटली आणि स्मृती मंदावली. वरवरच्या यशाची किंमत उशिरा वसूल झाली.

उंदीर म्हणजे मूल नव्हे, हे भान ठेवूनच आम्ही हे लिहीत आहोत. तथापि या विज्ञानात आशेचाही भाग आहे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांना दिसले की, पिल्लांना कमी चाटणाऱ्या मादीची पिल्ले मायाळू मादीकडे वाढविल्यास ती शांत निपजतात. पुढे २००२ मध्ये असेही आढळले की, आईपासून तुटलेल्या पिल्लांना वाढत्या वयात प्रशस्त जागा, सोबती आणि खेळ मिळाले की त्यांची भयग्रस्तता ओसरते. मेंदूतील जुनी खूण पूर्णतः पुसली जात नाही. पण तिची भरपाई होते. जन्मावरून माणसाची लायकी ठरविणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध लढलेल्या समाजाने या निष्कर्षाचे मोल ओळखावे.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह उघडले, ते शिक्षणाची दारे उघडण्यासाठी. बाबासाहेबांची आई त्यांच्या बालपणीच निवर्तली. आत्या मीराबाईंनी त्यांना मायेने सांभाळले. चळवळीच्या इतिहासात अशा सांभाळणाऱ्या हातांची नोंद अपुरीच राहिली आहे.

मीरा-भाईंदरच्या चाळींतून, वीटभट्ट्यांवरून, बांधकामांवरून आलेले मूल घर सोडून आपल्या दारी येते, तेव्हा आपण त्याचे दुसरे घर होतो. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. अधीक्षक व मावशी वारंवार बदलू नयेत. पहिल्या महिन्यात घरच्यांशी बोलण्यास आडकाठी नसावी. रात्री रडणाऱ्या मुलाजवळ बसणारे कोणी असावे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली आहे. ती मनाई कागदावर राहू नये. माजी विद्यार्थ्यांनी नव्या कमानीसाठी वर्गणी काढण्याआधी एका समुपदेशकाच्या वेतनाची तरतूद करावी. मैत्री आणि करुणा ही मूल्ये वंदनेत रोज उच्चारली जातात. शयनगृहातही ती रोज पाळली जावीत.