जुनी डिझेल व्हॅन घेताय? किमतीआधी रोजचा मार्ग बघा

बेकरी, केटरिंग, डबे पोहोचवणे, फर्निचर, एसी दुरुस्ती... धंदा जरा वाढला की रोज भाड्याचा टेम्पो परवडेनासा होतो आणि नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही. मग जुन्या गाड्यांच्या बाजारात फेरी होते. तिथे पहिली मागणी असते, ‘डिझेलच दाखवा’. टाटाची ‘एस’ २००५ मध्ये बाजारात आली आणि ‘छोटा हत्ती’ म्हणून गल्लोगल्ली पोहोचली. छोट्या धंद्याला डिझेलच परवडते, हा समज तेव्हापासून पक्का झाला. आज मात्र हा समज प्रत्येक धंद्याला लागू पडत नाही.

डिझेल कोणाला परवडते?

आधी इंधनाचा हिशेब करू. उदाहरणादाखल डिझेल ९० रुपये लिटर आणि सीएनजी ८० रुपये किलो धरा. डिझेल गाडी लिटरला १५ किलोमीटर आणि सीएनजी गाडी किलोला १८ किलोमीटर जाते असे माना. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला डिझेलसाठी सुमारे ६,००० रुपये, तर सीएनजीसाठी सुमारे ४,४५० रुपये लागतील. म्हणजे निव्वळ इंधनाच्या खर्चात डिझेल मागे पडते.

डिझेलची ताकद दुसरीकडे आहे. कमी वेगातही इंजिनाला जोर असतो, त्यामुळे भरलेली गाडी घाट चढताना दमत नाही. सीएनजीची टाकी जागा आणि वजन खाते, पंपावर रांगही लागते. मार्गावर सीएनजी पंप नसेल, रोज जड माल न्यायचा असेल किंवा घाटातून ये-जा असेल, तर डिझेलला पर्याय नाही. शहरात दिवसभरात ३०-४० किलोमीटर हलका माल फिरवणाऱ्याने मात्र डिझेलचा हट्ट सोडावा.

बीएस-४ की बीएस-६?

देशभर बीएस-४ नियम १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यामुळे जुन्या बाजारात या दोन्ही पिढ्यांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या दिसतात.

बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये साधारणपणे डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जळण्यासाठी एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. महामार्गावर ते आपोआप होते. पण दोन किलोमीटर चालली, थांबली, पुन्हा दोन किलोमीटर चालली, अशा गाडीत फिल्टर तुंबतो. डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिन जोर धरत नाही आणि फिल्टर बदलायची वेळ आली तर स्वस्तात मिळालेली गाडी महाग पडते. ‘डीपीएफ काढून टाकलाय, आता त्रास नाही’ असे विक्रेता सांगत असेल तर ती गाडी घेऊ नये. मूळ यंत्रणेत केलेला हा बदल नियमबाह्य आहे.

बीएस-४ गाडीची यंत्रणा तुलनेने साधी असते आणि गल्लीतला मेकॅनिकही ती हाताळतो. पण मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. २०१७ च्या गाड्यांनी ही मर्यादा ओलांडली आहे. दरवर्षीच्या पासिंगचा खर्च आणि त्यात जाणारे दिवस किमतीत धरायलाच हवेत.

गाडी बघताना

• इंजिन थंड असताना चालू करायला लावा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी स्टार्टिंगचा त्रास लपवते.
• निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा एअर फिल्टरची तक्रार. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल तर कूलंट इंजिनात जात असण्याची शक्यता असते.
• इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडा. धुराचा जोरदार झोत आला तर इंजिनाचे काम निघण्याची शक्यता मोठी.
• गाडीखाली वाकून बघा. मागच्या कमानीत जादा पाटा टाकला असेल किंवा चॅसिसला वेल्डिंग असेल, तर गाडीने ओव्हरलोड ओढला आहे.
• मीटरवर ५० हजार किलोमीटर आणि क्लचच्या पेडलचे रबर पार झिजलेले, असे दिसले तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

कागद आधी, टोकन नंतर

‘वाहन’ पोर्टल किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर फिटनेस, विमा, कर आणि कर्जाचा बोजा तपासता येतो. थकीत ई-चलनही बघा. बोजा असेल तर बँकेचे नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. पहिल्या मालकाने कोऱ्या फॉर्मवर सही केली आणि गाडी दोन-तीन एजंटांच्या हातून फिरली, हा प्रकार सर्रास चालतो. अशा व्यवहारात अडचण आली तर मूळ मालक शोधत फिरावे लागते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळते म्हणून धंद्याला लावणेही धोक्याचे आहे. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

एकूण वजन तीन हजार किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला परमिटची सक्ती नाही. मोठा पिकअप घेण्याआधी हा फरकही लक्षात घ्यावा.

बजेट पूर्ण संपवू नका

एकच गाडी असलेल्या धंद्यात ती गॅरेजमध्ये गेली की दुरुस्तीच्या बिलावर भाड्याचा टेम्पो येतो आणि वेळेवर माल न मिळालेले गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. म्हणून हातात चार लाख असतील तर साडेतीन लाखांचीच गाडी बघावी. उरलेले पन्नास हजार टायर, बॅटरी, क्लच, विमा आणि नाव बदलण्यासाठी राखून ठेवावेत. ओळखीच्या मेकॅनिकला हजार-दोन हजार देऊन सोबत नेणे, हा तर या व्यवहारातला सर्वांत स्वस्त विमा.

विक्रेता घाई करेल, ‘दुसरे गिऱ्हाईक थांबलेय’ म्हणेल. थांबू द्यावे. आपला रोजचा मार्ग, माल आणि पंप यांचा हिशेब कागदावर मांडून जी गाडी त्यात बसते, तीच घ्यावी. ती डिझेलची नसली तरी हरकत नाही.