पाना कोणता घ्यावा?

भिवंडीत माग चालविणाऱ्या आपल्या कुटुंबांत सुताच्या दरावर पैशापैशाची घासाघीस होते; जॉबरच्या हाती द्यावयाचा पाना मात्र दुकानदार देईल तो घेतला जातो. पाना स्वस्त असण्यात दोष नाही, दोष मऊ पोलादात आहे. असा पाना जोर पडताच जबड्याशी फाकतो, नटाचे कोपरे झिजवितो आणि निसटतो. मग छिन्नी-हातोडा शोधावा लागतो, तोवर माग बंद. जॉबरची बोटे सोलवटतात ती वेगळीच.

म्हणून रोज लागणाऱ्या चार-सहा मापांचे पाने क्रोम व्हॅनेडियम पोलादाचेच घ्यावेत. त्यासाठी विलायती मालच हवा असे नाही. नाशिकची टपारिया कंपनी १९६९ पासून हातहत्यारे बनविते. हातोडा, तेलाची कुपी साधी चालते. चाळीस नगांचा देखणा संच तर घेऊच नये, त्यातले निम्मे नग पेटीतच गंजतात. (उत्तम पाने कुलपात ठेवून जॉबरला जुनेच देणारे शेठजीही आहेत!) आणखी एक: जुन्या मागाचे नट इंची मापाचे असतील, तर मिलिमीटरचा महागडा पानाही कोपरे खाणारच. खरेदीला निघण्यापूर्वी मापे जॉबरकडून लिहून घ्यावीत.