विझणाऱ्या प्रकाशाचा इशारा

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ निरपराधांचा बळी गेला. त्यानंतर दडवून ठेवलेल्या स्फोटकांचा शोध सुरू झाला, तेव्हा मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ या श्वानाने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून काढले. मुंबईकर आजही त्याचे कृतज्ञतेने स्मरण करतात. परंतु कोट्यवधी लोकांची सुरक्षा किती काळ मुक्या प्राण्याच्या घ्राणेंद्रियावर सोपवायची? श्वानही थकतो आणि प्रत्येक फलाटावर तो असू शकत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर रसायनशास्त्र शोधत आहे. जस्त, कॅडमियम, झिर्कोनियम अशा धातूंशी सेंद्रिय रेणू जोडून घडविलेली काही संयुगे अतिनील किरणांखाली चमकतात. टीएनटी, पिक्रिक आम्ल यांसारखी नायट्रो-ॲरोमॅटिक स्फोटके इलेक्ट्रॉनची भुकेली असतात. त्यांचा रेणू जवळ येताच तो चमकत्या संयुगातील उत्तेजित इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि प्रकाश मंदावतो. हे विझणे हाच धोक्याचा इशारा! पुण्याच्या ‘आयसर’मधील सुजित घोष व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अशा सच्छिद्र संयुगाने पिक्रिक आम्ल ओळखून दाखविले, २०१४ मध्ये झिर्कोनियमयुक्त संयुगाने तेच पाण्यातही साधले. मराठी मनाला अभिमान वाटावा असे हे काम आहे.

मात्र अभिमानाला आत्मपरीक्षणाची जोड हवी. या क्षेत्रातील बहुसंख्य निबंध पिक्रिक आम्लाभोवतीच फिरतात. ते मुळात पिवळे असल्याने स्वतःच प्रकाश शोषून घेते. म्हणून प्रकाश मंदावला एवढ्यावरून स्फोटकाची ओळख पटली असे म्हणता येत नाही. दुसरे असे की, मुंबईत वापरलेले आरडीएक्स नायट्रो-ॲरोमॅटिक नव्हेच. टीएनटीची वाफ हवेच्या अब्ज भागांत काही भाग तरी आढळते. आरडीएक्सची वाफ एक लाख कोटी भागांत जेमतेम काही भाग असते. अमोनियम नायट्रेटची तर जातच निराळी. प्रयोगशाळेतील स्वच्छ द्रावणात मिळालेले यश धूळ, घाम, अत्तर आणि पावसाळी दमटपणा यांत टिकेल का, ही खरी कसोटी आहे.

ही कसोटी पार करता येते. अमेरिकेत टिमोथी स्वॅगर यांच्या चमकत्या बहुवारिकांवरील संशोधनातून, प्रकाश विझण्याच्या याच तत्त्वावर ‘फिडो’ हे उपकरण घडले आणि ते इराकमध्ये सैनिकांच्या हाती पोहोचले. आपणही मागे नाही. पुण्याची उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा व बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून घडविलेले ‘रेडर-एक्स’ हे उपकरण २०२१ मध्ये सादर झाले, तेही स्फोटके शोधण्यासाठीच.

तेव्हा उणीव बुद्धीची नाही, दुवा जोडण्याची आहे. संयुग घडविणारा रसायनतज्ज्ञ, खऱ्या स्फोटकांचे नमुने बाळगणारी संरक्षण प्रयोगशाळा आणि फलाटावर उभा असलेला शिपाई हे तिघे एका मेजाभोवती बसले पाहिजेत. संशोधनाचे मोल निबंधांच्या संख्येवर नव्हे, तर त्या शिपायाच्या हाती काय पडले यावर ठरावे. प्रयोगशाळेत विझलेला प्रकाश उद्या एखाद्या घरातला दिवा विझण्यापासून वाचवू शकला, तरच ही विद्या सार्थकी लागली असे म्हणता येईल.