मापाचे तोंड केवढे?

एके काळी बेळगाव-निपाणीच्या घरांतून रेडिओचा काटा फिरवला की १९५० साली सुरू झालेले धारवाड केंद्र लागे, तसेच १९६३ सालचे सांगली केंद्रही लागे. आणि दोहोंमधल्या जागेत अखंड खरखर ऐकू येई. या केंद्रांचे आणि त्या खरखरीचे बळ मोजायचे कसे, ते आज पाहू.

त्यासाठी ‘स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर’ नावाचे यंत्र असते. ते वारंवारतेच्या पट्ट्यावरून एक खिडकी सरकवीत नेते आणि ठिकठिकाणी तिच्यातून आत आलेली शक्ती पडद्यावर रेखाटते. या खिडकीच्या रुंदीस ‘रिझोल्यूशन बँडविड्थ’ म्हणतात.

आपल्याकडच्या पावसाचेच उदाहरण घ्या. अंगणात घागर आणि परात ठेवली, तर परातीत पाणी अधिक साचते. कारण पाऊस सर्वत्र सारखा आणि परातीचे तोंड मोठे. पन्हळीची एकच धार मात्र घागरीत धरा की परातीत, पाणी तेवढेच. खरखर ही पावसासारखी आहे: खिडकी दहापट रुंद केली की तिची शक्ती दहापट, म्हणजे १० डेसिबल, अधिक दिसते. केंद्राची वाहक लहर धारेसारखी. तिचा आकडा बदलत नाही. म्हणून क्षीण धार शोधताना खिडकी अरुंद करावी. पाऊस कमी होतो आणि धार उठून दिसते.

शेजारची केंद्रे वेगळी दिसण्यासही अरुंद खिडकीच हवी. १९७८ पासून मध्यम लहरींवरील केंद्रांच्या जागा ९ किलोहर्ट्‌झ अंतराने आखलेल्या आहेत. १०० किलोहर्ट्‌झच्या खिडकीतून शेजारची केंद्रे एकमेकांत मिसळून जातील. या बारकाईचे मोल वेळात मोजावे लागते: खिडकी दहापट अरुंद केली, तर तोच पट्टा पाहण्यास साधारण शंभरपट वेळ लागतो.

आता आपल्या गच्चीसमोरच्या मोबाइल मनोऱ्याकडे वळू. त्याची लहर ही धार नव्हे, ठरावीक रुंदीत कोसळणारी सर आहे. १० मेगाहर्ट्‌झ रुंदीची सर १० किलोहर्ट्‌झच्या खिडकीतून पाहिली, तर एका जागी तिचा सुमारे हजारावा भागच, म्हणजे ३० डेसिबल कमी, दिसेल. तोच आकडा कुणी ‘मनोऱ्याची शक्ती’ म्हणून पुढे केला, तर भीती नाहीशी होईल, पण सत्यही नाहीसे होईल. योग्य मोजणीत साऱ्या पट्ट्यातील शक्तीची बेरीज करावी लागते. २०१२ साली भारताने मनोऱ्यांच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली. पण मोजणीच चुकली, तर मर्यादा कितीही कडक असून काय उपयोग?

पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतात, तेव्हा भांड्याच्या तोंडाचा हिशेब आधीच झालेला असतो. लहरींच्या शक्तीचा कागद हाती आला, तर आकड्याआधी एवढेच विचारावे: खिडकी केवढी होती, आणि बेरीज केली होती काय?