पोट बिघडलंय? केबिनमध्येच बसा!

आमच्या ऑफिसात सध्या एकच टॉपिक आहे, मुंबई-गोवा क्रूझ. सातपूरच्या ट्रॅफिकमध्ये रोज पाऊण तास काढणाऱ्या माणसांना अचानक अरबी समुद्राचं वेड लागलंय. व्हॉट्सअॅप ग्रुप तयार आहे, डेकवर घालायचे गॉगल ठरलेत, पहाटे नाशिकरोडहून निघून बॅलार्ड पिअर कसं गाठायचं इथपर्यंत प्लॅनिंग झालंय. परवा टपरीवर चहा घेताना अकाउंट्समधल्या एकीने हळूच विचारलं, "तू जाऊन आलायस ना? समज, निघायच्या आदल्या दिवशी पोट बिघडलं, तर पैसे परत मिळतात का रे?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी काही विचारलं नव्हतं."

हे अर्धसत्य होतं, मंडळी. पूर्ण सत्य असं की, मी गेलो तेव्हा माझं पोट खरंच बिघडलेलं होतं. आदल्या दिवशी झणझणीत मिसळ, संध्याकाळी वर दोन प्लेट पाणीपुरी आणि मग रात्रभर येरझाऱ्या. सकाळी गोळी घेतली आणि निघालो. चेक-इनला एक फॉर्म पुढे आला. गेल्या काही दिवसांत ताप? उलटी? जुलाब? सगळीकडे 'नाही'वर टिक. लूज मोशन आहेत असं कोण लिहून देतं हो! त्यात पैसे भरून झालेले. रात्री बुफेच्या रांगेत सगळ्यात पुढे मीच. भाजीचा डाव, सॅलडचा चिमटा, सगळ्याला हात लावून मोकळा.

हा किस्सा गेल्या दिवाळीत मी मावसभावाला हसत हसत सांगितला. पठ्ठ्या नाशिकलाच हॉटेल मॅनेजमेंट करून परदेशी क्रूझवर लागलाय. गॅलीत असतो, म्हणजे जहाजाच्या किचनमध्ये. तो अजिबात हसला नाही. "दादा, तुझ्यासारख्यांमुळे आमची वाट लागते," म्हणाला.

मग त्याने जे सांगितलं, ते ऐकून माझ्या हातातली चकली हातातच राहिली. क्रूझवरचा सगळ्यात मोठा व्हिलन म्हणजे नोरोव्हायरस. उलट्या, जुलाब, एक ते तीन दिवसांचा खेळ. लागण झाल्यावर साधारण १२ ते ४८ तासांत लक्षणं दिसतात, म्हणजे मुंबईत पकडलेला विषाणू गोव्याला पोचेपर्यंत रंग दाखवतो. अगदी मोजके कण पोटात गेले तरी पुरतात. दाराची मूठ, लिफ्टचं बटण, बुफेचा चिमटा अशा जागी तो दिवसचे दिवस टिकून राहतो. बरं वाटायला लागलं तरी पुढचे काही दिवस आपण तो वाटतच असतो. आणि आपण खिशात ऐटीत बाळगतो ते सॅनिटायझर? ते या महाशयांवर फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, निदान वीस सेकंद. जहाजावर रेलिंग, टॉयलेट सगळं क्लोरीनने पुसतात ते त्यासाठीच.

किचनमधल्या माणसाला त्रास झाला, तर लक्षणं थांबल्यावरही पुढचे ४८ तास कामावर घ्यायचं नाही, असा अमेरिकेच्या सीडीसीचा नियम आहे. या संस्थेने १९७०च्या दशकात क्रूझच्या स्वच्छतेचा एक कार्यक्रम सुरू केला. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांवर इन्स्पेक्टर न सांगता चढतात, १०० पैकी मार्क देतात आणि ८५ किंवा खाली आले की जहाज नापास. (आमच्या बोर्डाला सांगायला हवं.) जहाजावरच्या २ टक्के प्रवाशांना किंवा स्टाफला जुलाबाचा त्रास झाला तरी कळवावं लागतं. म्हणूनच जहाजं बदनाम आहेत. सीडीसीच म्हणतं की, नोंद झालेल्या नोरोव्हायरसच्या एकूण साथींपैकी जेमतेम १ टक्का साथी क्रूझवरच्या. जहाजावर मोजदाद होते. लग्नाच्या पंगतीत किती जणांचं पोट गेलं, हे कोण मोजतंय?

"मग त्रास झालेला माणूस सांगतो का?" मी विचारलं.

"पॅसेंजर सांगत नाही, कारण त्याची सुट्टी वाया जाते. आमच्यातलाही एखादा सांगत नाही, कारण केबिनमध्ये बसला की टिप्स बुडतात. आणि आम्ही दोघं-दोघं एका केबिनमध्ये."

एका केबिनमध्ये दोघं, हे ऐकल्यावर मला डायमंड प्रिन्सेस आठवली. हाँगकाँगला २५ जानेवारी २०२० रोजी एक प्रवासी उतरला, १ फेब्रुवारीला तो कोरोना पॉझिटिव्ह निघाला. जहाज तोवर जपानला पोचलेलं. योकोहामाला ३७११ माणसांसकट ते अडकलं आणि त्यातल्या ७१२ जणांना लागण झाली. प्रवाशांना केबिनमध्ये बंद केलं, पण त्यांच्या दारात ताट कोण ठेवणार? क्रू! जहाजावरच्या १३८ भारतीयांपैकी १३२ जण स्टाफमधले होते. सुरुवातीला स्टाफमधले जे २० जण पॉझिटिव्ह सापडले, त्यातले १५ जेवणखाण सांभाळणारे. क्वारंटाइन प्रवाशांसाठी होतं, ही पोरं मात्र एकत्र जेवत होती, एका खोलीत झोपत होती. २७ फेब्रुवारीला ११९ भारतीयांना विमानाने दिल्लीला आणलं, तेव्हा कुठे घरच्यांच्या जिवात जीव आला.

आपल्या दारातलं उदाहरण हवं असेल तर २०२२चा न्यू इयर आठवा. मुंबईहून निघालेली कॉर्डेलिया मुरगाव बंदरात पोचली, एक कर्मचारी पॉझिटिव्ह निघाला आणि सगळ्यांच्या टेस्ट झाल्या. साधारण २००० जणांत ६६ पॉझिटिव्ह. गोव्याची पार्टी करायला निघालेली मंडळी समोर गोवा दिसत असताना जहाजावरच, आणि शेवटी जहाज उलट्या पावली मुंबईला.

ही अडवाअडवी काही नवी नाही. क्वारंटाइन हा शब्दच चाळीस दिवसांवरून आला, तोही व्हेनिसहून. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा जगभरची बंदरं मुंबईहून येणाऱ्या जहाजांनाच घाबरत होती, आणि १८९७ साली प्लेगवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तीही व्हेनिसलाच. एके काळी जहाजावरचा पिवळा झेंडा म्हणजे 'आमच्याकडे रोग आहे' अशी दवंडी असायची. आज तोच पिवळा झेंडा बरोब्बर उलटं सांगतो: 'आमच्याकडे सगळे ठणठणीत, आत येऊ द्या.' आणि हे 'ठणठणीत' कॅप्टन कशाच्या भरवशावर म्हणणार? जहाजावरच्या डॉक्टरला जे कळलं, त्याच्या. डॉक्टरला काय कळणार? मी टिक केलं तेवढंच.

माझ्यामुळे त्या जहाजावर कुणाला काही झालं का, मला कधीच कळणार नाही. कदाचित साधं अपचनही असेल. पण चेक-इनच्या टेबलापाशी मला तरी कुठे ठाऊक होतं ते अपचनच आहे म्हणून?

चहा संपता संपता मी तिला खरं काय ते सांगून टाकलं. तिने कप खाली ठेवला आणि माझ्यापासून एक पाऊल लांब सरकली. दोन वर्षांपूर्वीच्या जुलाबाला! मग म्हणाली, "म्हणजे फॉर्मवर खरंच लिहायचं? आणि त्यांनी बोटीवर घेतलंच नाही तर?"

त्याच रात्री ग्रुपवर मेसेज टाकला: बुकिंग करण्याआधी कॅन्सलेशनच्या अटी आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स वाचा. आदल्या दिवशी बाहेरचं खाऊ नका. बोटीवर त्रास झाला तर बुफेला जाऊ नका, केबिनमधून फोन करून डॉक्टरला बोलवा, जेवण खोलीत येतं. साबणाने हात धुवा, टिश्यूने दार उघडा.

सात थम्ब्स-अप आले. आठव्याने विचारलं, "निघायच्या दिवशी सकाळी मिसळ कुठे खायची?"