हरलेल्यांच्या संहिता परत करा

गेम कंपन्या चाहत्यांसाठी ज्या पटकथा स्पर्धा भरवतात, त्या आजच्या स्वरूपात लेखकांची लूट आहेत. आमच्या पात्रांवर पाच मिनिटांच्या अ‍ॅनिमेशनपटाची संहिता लिहा, जिंकलात तर आमचे कलाकार ती पडद्यावर आणतील, असे आवाहन येते आणि सतरा-अठरा वर्षांची मुले अभ्यास बाजूला सारून लिहायला बसतात. माझ्याकडे लेखन शिकायला येणारी मुलेही बसतात. पाठवण्याआधी ती संहिता मला दाखवतात, तेव्हा मी आधी स्पर्धेचे नियम मागून घेते. बहुतेक नियमावल्यांत शेवटाकडे एक कलम असतेच: आलेली प्रत्येक संहिता वापरण्याचा, बदलण्याचा आणि प्रसारित करण्याचा हक्क कंपनीकडे कायमचा, जगभरासाठी, कसलाही मोबदला न देता जाईल. जिंकलेली एकच नव्हे, आलेली प्रत्येक. बक्षीस एकाला, आणि घेणे मात्र सगळ्यांकडून. याला मी स्पर्धा म्हणायला तयार नाही.

अशा लघुपटात लेखकाचे काम किरकोळ, खरी मेहनत अ‍ॅनिमेटरची, असे ज्यांना वाटते त्यांनी वॉल्व्ह कंपनीच्या ‘टीम फोर्ट्रेस 2’ या गेमवरचे ‘मीट द टीम’ लघुपट पाहावेत. 2007 मध्ये ‘मीट द हेवी’ आला आणि 2012 मध्ये ‘मीट द पायरो’. या मालिकेचे मूळ आवाज देणाऱ्या नटांच्या चाचणीसाठी लिहिलेल्या मजकुरात आहे. हेवी या पात्राचे स्वगत तर त्या चाचणीतून जवळपास जसेच्या तसे पडद्यावर आले. म्हणजे आधी कुणीतरी कागदावर माणूस उभा केला, मग त्याला हातपाय हलवायला लावले गेले. 2008 च्या ‘मीट द सँडविच’मध्ये पाहायला काय आहे? फ्रिजमध्ये ठेवलेले एक सँडविच. हाणामारी सगळी बाहेर, फक्त ऐकू येणारी. विंगेतून प्रसंग घडवण्याची ही रीत एकांकिका लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि ती किती अवघड असते हेही. संवादाची वेळ क्षणभर चुकली तरी सगळा डोलारा कोसळतो. ही कसबाची गोष्ट आहे, आणि कसबाला दाम मिळालाच पाहिजे.

दाम देता येत नाही, हे तर कुणी मला सांगूच नये. याच वॉल्व्हने 2010 मध्ये पॉलिकाउंट या गेम-कलाकारांच्या समूहाबरोबर स्पर्धा घेतली. चाहत्यांनी पात्रांसाठी टोप्या आणि हत्यारे घडवली, निवडलेल्या वस्तू गेममधल्या दुकानात विकायला ठेवल्या आणि विक्रीतला 25 टक्के वाटा घडवणाऱ्यांना दिला. पहिल्या दोन आठवड्यांतच पाच जणांच्या वाट्याला प्रत्येकी 39 ते 47 हजार डॉलर आले. पुढे हीच पद्धत वाढत गेली आणि जानेवारी 2015 मध्ये कंपनीने जाहीर केले, की पंधराशेहून अधिक निर्मात्यांना मिळून 5 कोटी 70 लाख डॉलर दिले गेले आहेत. हे पैसे त्यांच्या हक्काचेच होते आणि ते मिळाले याचा मला आनंद आहे. पण पात्राच्या डोक्यावरची टोपी करणाऱ्याला टक्केवारी मिळते आणि त्या पात्राच्या तोंडी वाक्य घालणाऱ्याला गेमपुरते चमकणारे एखादे हत्यार किंवा बिल्ला, हा कुठला न्याय? टोपी किती खपली ते दुकान मोजते. लघुपट किती लाख वेळा पाहिला गेला, हेही यंत्र तितक्याच अचूकपणे मोजते.

सगळ्या संहितांवर हक्क सांगणाऱ्या त्या कलमासाठी कंपन्यांचे वकील एक कारण देतात आणि ते खोटे नाही. उद्या कंपनीच्या एखाद्या कथेत योगायोगाने तशीच कल्पना आली, तर हरलेला स्पर्धक चोरीचा दावा लावेल, ही भीती असते. त्याच भीतीपोटी मोठे स्टुडिओ न मागता आलेल्या संहिता उघडतही नाहीत. ठीक आहे. मग योगायोगाने आलेल्या साम्याबद्दल दावा करणार नाही, एवढेच लिहून घ्या. त्यासाठी संहितेवरच कायमचा हक्क कशाला हवा?

दुसरा युक्तिवाद असा, की पात्रे आमची, तेव्हा हरलेली संहिता लेखकाला तशीही कुठे वापरता येणार? हे मला अजिबात मान्य नाही. पात्रे कंपनीची असतील. प्रसंगाची गुंफण, विनोदाचा नेम, शेवटची कलाटणी लेखकाची आहे. नावे बदलून, जग बदलून ती गोष्ट पुन्हा उभी राहते. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ आधी ‘ट्वायलाइट’च्या पात्रांवर लिहिलेली चाहत्याची कथाच होती. गेमच्या जगात तर ‘वॉरक्राफ्ट 3’वर चाहत्यांनी रचलेल्या ‘डोटा’मधून एक अख्खा गेमप्रकार जन्माला आला. त्यानंतर 2020 मध्ये ‘वॉरक्राफ्ट 3’ची नवी आवृत्ती आली, तेव्हा तो गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने अट घातली, की खेळाडूंनी त्यात रचलेले गेम कंपनीच्याच मालकीचे राहतील. चाहत्याच्या कल्पनेची किंमत कंपन्यांना पुरती कळते.

आपल्याकडे स्पर्धेत हरलेल्या संहितेचे काय होते? पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकात 1963 पासून महाविद्यालयीन मुले एकांकिका करत आली आहेत. करंडक हुकला म्हणून संहिता आयोजकांची होत नाही. लेखक ती पुन्हा लिहितो, तिचे दोन अंकी नाटक करतो. मी याच वातावरणात घडले, म्हणून मला हे कलम इतके झोंबते.

भारतीय कायदाही लेखकाच्या बाजूने उभा आहे. कॉपीराइट कायद्याचे कलम 57 सांगते, की हक्क विकल्यानंतरही ‘हे मी लिहिले’ म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. 2012 च्या दुरुस्तीने तर चित्रपटात वापरलेल्या साहित्याचे चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठीचे स्वामित्वधन लेखकाला सोडून देता येणार नाही, असे ठरवले. पण परदेशी कंपन्यांच्या नियमावल्यांत सहसा त्यांच्याच देशाचा कायदा आणि त्यांचेच न्यायालय लिहिलेले असते. नाशिकच्या किंवा सांगलीच्या मुलाने तिथे जाऊन भांडायचे कसे?

माझ्या मागण्या साध्या आहेत. हक्क फक्त जिंकलेल्या संहितेचे घ्या आणि त्यांचे पैसे मोजा. लघुपटाच्या सुरुवातीच्या नामावलीत लेखकाचे नाव द्या, अ‍ॅनिमेटरच्या बरोबरीने. संहितेत बदल केलात तर लेखकाला आधी दाखवा. हरलेल्यांचे हक्क निकालाच्या दिवशी त्यांचे त्यांना परत गेले पाहिजेत, आणि हे नियमावलीत पहिल्या पानावर लिहिलेले हवे.

आणि लिहिणाऱ्या मुलामुलींनो, तुमचे त्या गेमवर प्रेम आहे हे मला माहीत आहे. ते प्रेम ठेवा. पण हक्कांचे कलम वाचल्याशिवाय एक पानही पाठवू नका. त्यात हरलेल्यांच्या संहितेवर कायमचा हक्क सांगितला असेल तर भाग घेऊ नका, आणि का घेतला नाही ते कंपनीला स्वतःच्या नावानिशी कळवा.