दूध-पोळी नको, थँक यू!

वीकएंडला गावी जायचं आणि येताना लोणच्याच्या बरणीसोबत मांजरीचं पिल्लूही आणायचं, हा प्रकार आपल्याकडे काही नवा नाही. माझ्याकडेही दोन आलीत, नरखेड तालुक्यातल्या मामाच्या संत्र्याच्या बगीच्यातून. मामीने आठ आठवडे ती आईजवळून हलू दिली नाहीत. "लहान हायेत अजून, राहू दे बाप्पा!" म्हणाली. शंभर टक्के बरोबर. चावताना आवरायचं कसं, हे पिल्लू आई आणि भावंडांकडूनच शिकतं.

पण निघताना मामी हेही म्हणाली, "रोज दूध-पोळी देजो." इथे मात्र माझं तिच्याशी पटत नाही. दूध सोडण्याच्या वयानंतर पिल्लांना दुधातली साखर पचेनाशी होते. गायीच्या दुधाने जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी भराभर कमी होतं. त्यात नागपूरचा ४५ डिग्रीचा मे महिना! शिवाय टॉरिन नावाचं द्रव्य मांजरीला मांसातूनच मिळतं. ते सतत कमी पडलं तर डोळे आणि हृदय, दोन्ही बिघडतात.

"आमच्या साऱ्या मांजरी दूध-पोळीवरच वाढल्या," मामी फोनवर म्हणाली. नाही हो मामी, त्या तुमच्या कोठीतल्या उंदरांवर वाढल्या! दूध-पोळी नुसती वरून. तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये उंदीर कुठून आणणार? म्हणून पिल्लांचं तयार फूड, दिवसातून चारदा, थोडं थोडं. आणि पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी.

ट्रेनिंगचं टेन्शन घेऊ नका. कमी उंचीच्या ट्रेमध्ये रेती, आणि खाल्ल्यावर, झोपून उठल्यावर पिल्लाला त्यात नेऊन ठेवायचं, बस. बाहेर घाण केली म्हणून नाक घासणं, चापट मारणं अजिबात नको. त्याने ते फक्त तुम्हाला घाबरायला शिकतं. खेळायला बोटं देऊ नका, दोरी द्या. आज गोड वाटणारा चावा सहा महिन्यांनी रक्त काढतो.

गावाहून संत्र्यांची पेटी आली की सालं लगेच झाकणाच्या डब्यात टाका, त्यातलं तेल मांजरांना बाधतं. तापासाठी आपली पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका, एका गोळीनेही मांजर दगावू शकते. ताप वाटला तर सरळ व्हेट गाठा. पहिली लस आठ-नऊ आठवड्यांची, रेबीजची तीन महिन्यांनंतर. नागपूरकरांसाठी सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय कॉलेज आहेच. तिथे गेलात की नसबंदीचंही विचारून ठेवा, कारण चार महिन्यांची पोरसुद्धा गाभण राहू शकते.